मागचे दोन टायर

शुक्रवारी खडकवस्तीच्या उतारावर जीपचं मागचं अंग सरकलं, तेव्हा स्टेलाने ब्रेक मारला नाही. मारला असता तर जीप सरळ ओढ्यात गेली असती. तिने स्टिअरिंग घट्ट धरलं, पाय उचलला आणि गाडी जाईल तशी जाऊ दिली. मागचं डावं चाक कडेच्या ओल्या मुरमात रुतलं. दोन धोंडे घरंगळत खाली गेले, ओढ्याच्या पाण्यात पडल्याचा आवाज आला, आणि मग गाडी थांबली.

मागच्या बाकावर बन्सीतात्या पाय पसरून बसले होते. त्यांच्या सुनेने, पूजाने, दोन्ही हातांनी त्यांना कवेत धरलं होतं.

"डावीकडून घे म्हनलं तुला, पार कडंला कुठं घातली?" शेजारी बसलेला शांतवन म्हणाला.

"डावीकडूनच घेतली. डावी कडच वाहून गेलीय," स्टेला म्हणाली.

शांतवन तिचा नवरा. वीस वर्षं ही जीप त्यानेच चालवली होती. दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजाराने त्याचे डोळे गेले. पार नाही, पण मोबाईलवरचं नाव वाचता येईनासं झालं आणि एक दिवस त्याने किल्ली स्टेलाच्या हातात ठेवली. काढणी झालेल्या बाजरीच्या रानात त्याने तिला गाडी शिकवली. तेव्हापासून ती चालवायची आणि तो शेजारी बसून सांगायचा. पुढं खड्डा हाय, उजवीकडं दाब, आता तिसरा टाक. वस्तीवरून पाथर्डीला जाणारी ही एकच गाडी होती. मंगळवारी आणि शुक्रवारी ती बन्सीतात्यांना डायलिसिसला नगरपर्यंत न्यायची. तात्यांचा मुलगा कानिफनाथ कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेला होता, म्हणून पूजा मागे राहिली होती.

स्टेला खाली उतरली आणि चाकापाशी उकिडवी बसली. दोन्ही मागचे टायर गोटा झाले होते. नक्षी कुठं होती आणि कुठं नव्हती, हे बोटानेसुद्धा कळत नव्हतं. एका ठिकाणी आतले दोरे दिसत होते.

त्या दिवशी कसंबसं नगर गाठलं. शनिवारी सकाळी पूजा चिखल तुडवत स्टेलाच्या दारात आली. तिच्या चपला हातात होत्या.

"मामा म्हनत्यात, आता न्हाई जायचं," ती म्हणाली. "कायबी केलं तरी ऐकत न्हाईत. तुमी सांगा त्यान्ला."

स्टेला गेली. तात्या ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. एके काळी चाळीस कोयत्यांचे, म्हणजे चाळीस ऊसतोड जोडप्यांचे, मुकादम. अजून आवाज तसाच होता, फक्त अंग उरलं नव्हतं. पाय घोट्यापाशी सुजून चकाकत होते.

"पोरी, तुझ्यावर राग न्हाई माझा," ते म्हणाले. "मला मरायचंच हाय कवातरी. पन ह्या लेकराला संगं घिऊन वढ्यात न्हाई मरायचं. कानिफला काय सांगायचं मग?"

"टायर बदलते मी तात्या. मंगळवारच्या आत."

"बदल. मग बघू."

"एक खेप चुकली तर पाणी छातीत चढतं म्हनली ना सिस्टर?"

"म्हनली," तात्या म्हणाले, आणि दुसरीकडे बघायला लागले.

घरी आल्यावर स्टेलाने शेळीच्या दोन पाठी विकायला काढल्या. चार टायरांचं जमणार नव्हतं, दोनच घ्यायचे होते. तेवढं तिने ठरवलं. कुठले घ्यायचे, ते ठरत नव्हतं.

"रिमोल्ड टाकू, जुन्यावर नवं रबर चढवलेले," शांतवन म्हणाला. "मी वीस वर्षं रिमोल्डच वापरलेत. कधी फसलो न्हाई."

"तवा रस्ता हुता. आता पावसानं नुसती धोंड उरलीय. रिमोल्डचं वरचं पान उतारावर सुटलं तर?"

तो गप्प बसला. शुक्रवारपासून तो असाच मधेच गप्प बसत होता. स्टेलाला वाटलं, गाडीची काळजी.

दुपारी दोघं पाथर्डीला टायरच्या दुकानात गेली. धवलशेठ काउंटरमागे बसून मोबाईल बघत होता. त्याने शांतवनला खुर्ची दिली. स्टेला टायरांच्या उतरंडीपाशी उभी राहिली.

"जीपचे मागचे दोन पाहिजेत," ती म्हणाली. "आमच्याकडं सहा किलोमीटर कच्चा घाट हाय. चिखल, धोंडे, वढा. आणि पुढं नगरपर्यंत डांबर."

"काका, तुमच्यासाठी एकदम बरोबर माल आलाय," धवलशेठ शांतवनला म्हणाला. "ऑल टेरेन. माती, दगड, डांबर, सगळीकडं चालतो. मोठ्या कंपनीचा घ्यायचा तर निम्मी जीप विकावी लागंल. हा त्याच्या निम्म्यात. दिसायला बघा कसा हाय."

त्याच्या कामगाराने एक टायर गडगडत आणला. दिसायला खरंच रुबाबदार होता. विटेच्या तुकड्याएवढे ठोकळे, मधून अंगठा जाईल एवढ्या खाचा, कडेला पांढरी मोठी अक्षरं. कंपनीचं नाव स्टेलाने कधी ऐकलं नव्हतं. धवलशेठने एक छापील कागद शांतवनच्या हातात दिला. शांतवनने तो लांब धरला, जवळ आणला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"वाचा तरी काका."

"वाचलं," शांतवन म्हणाला.

स्टेलाला कानामागे गरम झालं.

शांतवन उठला आणि टायरपाशी खाली बसला. त्याने ठोकळ्यात अंगठ्याचं नख रोवलं. दुसऱ्या ठोकळ्यात रोवलं. मग तळवा कडेवरून गोल फिरवला, टायर थोडा उचलून वजन बघितलं, आणि नाक लावून वास घेतला. कामगार हसला.

"स्टेला, हितं कडंला बघ. गोल चौकट आसंल बारकी, तिच्यात चार आकडे असत्यात. काय हायेत?"

स्टेलाने पदराने धूळ पुसली. "चार, सात, एक, नऊ."

"एकोनीस सालचा सत्तेचाळिसावा आठवडा," शांतवन म्हणाला. "शेठ, हा टायर सहा वर्षं उन्हात पडलाय. रबर लाकूड झालंय. नख जात न्हाई."

"काका, टायर काय दूध हाय का नासायला?" धवलशेठचा आवाज चढला. "न वापरलेला माल हाय."

"न वापरलेला हाय, पन नवा न्हाई."

दुकानात आणखी एक ट्रॅक्टरवाला बसला होता. तो पुढे येऊन स्वतःसाठी काढून ठेवलेल्या टायरचे आकडे बघायला लागला, तसा धवलशेठ उठला. आतून त्याच जातीचे दुसरे दोन टायर आले. शांतवनने पुन्हा नख रोवलं. या वेळी नखाची चंद्रकोर उमटली आणि हळूहळू भरून आली. स्टेलाने आकडे वाचले. एक, दोन, दोन, पाच.

"यंदाचा," ती म्हणाली.

"कड जाड हाय का बघ चिमटीत धरून. धोंड्यावर आधी कड फाटती."

तिने धरून बघितली. जुन्या टायरच्या दुप्पट जाड लागली. ठोकळे जरा बुटके होते, अक्षरं पांढरी नव्हती. तेच दोन त्यांनी घेतले. कामगाराने ते मागे चढवले, टच्च हवा भरली. परतीच्या वाटेवर शांतवन बऱ्याच दिवसांनी मोकळा हसला.

"उन्हात वाळवलेला माल मला देतो," तो म्हणाला. "डोळं गेलं म्हनून काय बोटं गेली का?"

रविवारी ख्रिस्ती देवळातून आल्यावर स्टेलाने प्रार्थनेची साडी बदलली आणि जीपमध्ये वाळूची आठ पोती टाकली. तात्या आणि पूजा मिळून भरतील, त्याच्या दुपटीहून जास्त वजन. शांतवनला तिने ओढ्याच्या अलीकडे उभं केलं.

आधी ओढा. पाणी नडगीएवढं होतं, तळाला गोटे आणि गाळ. दुसऱ्या गिअरमध्ये ती आत शिरली. मागची चाकं एकदा फिरली, गाळ मागे फेकला गेला, आणि गाडी चढून वर आली. मग उतार. ज्या जागी शुक्रवारी सरकली होती, तिथे ती मुद्दाम थांबली, पुन्हा चालू करून वर गेली, उलटी फिरून खाली आली. तीन वेळा. तिसऱ्या वेळी तिच्या पाठीला घाम सुटला होता, पण चाक हललं नव्हतं. खाली उतरून तिने टायरची कड तपासली. एका धारदार धोंड्याचा ओरखडा होता, चीर नव्हती.

"धरतो?" शांतवनने विचारलं.

"मुंगळ्यासारखा."

"मग झालं."

"आन डांबरावर?"

"डांबरावर काय, कुठलाबी टायर चालतो," तो म्हणाला.

वस्तीवरची माणसं बांधावर उभी राहून बघत होती. त्यांच्यातून पूजा निघून घराकडे पळाली. संध्याकाळी निरोप आला, मामा मंगळवारी येतो म्हनलेत.

मंगळवारी सकाळपासून भुरभुर चालू होती. तात्यांचा श्वास लागत होता. चार दिवसांत पाय आणखी सुजले होते आणि डोळ्यांखाली फुगलं होतं. पूजाने आणि स्टेलाने त्यांना दोन बाजूंनी धरून मागच्या बाकावर बसवलं. उतार लागला तेव्हा तात्यांनी डोळे मिटून घेतले होते. ओढा पार झाल्यावर उघडले.

"झाला व्हय वढा?"

"झाला तात्या."

"बरं धरतंय की गं!"

डांबर लागलं तशी तिने गाडी जोरात सोडली. दवाखान्यात अकराची वेळ दिलेली होती आणि उशीर झाला तर खाट दुसऱ्याला जायची. टायर डांबरावर घूंऽऽ असा आवाज करत होते. काटा चाळीसवर गेला, पंचेचाळीसवर गेला. करंजी घाट सुरू झाला.

दुसऱ्या वळणावर रस्ताभर मेंढरं होती. त्यांच्या अलीकडे एसटी उभी होती. स्टेलाने ब्रेक दाबला.

गाडी थांबली नाही. चाकं थांबली, आवाज थांबला, आणि जीप ओल्या डांबरावरून तशीच पुढे जात राहिली. एसटीचं लाल मागचं अंग मोठं मोठं होत आलं. स्टेलाने ब्रेक सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. मागचं अंग उजवीकडे फिरायला लागलं. पूजा किंचाळली. जीप तिरकी होऊन थांबली तेव्हा एसटीत आणि तिच्यात वीतभर अंतर होतं.

एसटीच्या मागच्या काचेतून माणसं बघत होती. कंडक्टर पावसात उतरून आला.

"बाईच्या हातात गाडी दिल्यावर काय व्हनार!" तो मोठ्याने म्हणाला. "मालक, तुमी तरी बघायचं ना शेजारी बसून. एवढी मोठी बस दिसली न्हाई?"

मेंढरं गेली, एसटी गेली. स्टेलाने गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"मला न्हाई दिसली," शांतवन म्हणाला.

"काय?"

"बस. मला बस दिसली न्हाई. तू ब्रेक मारला तवा कळलं कायतरी हाय म्हनून."

शांतवन समोर तोंड करूनच बोलत राहिला.

"दिवाळीच्या आधीपासून धुरकट झालंय सगळं. मी तुला सांगतो ना, हितं खड्डा, तिथं धोंड, ते मला पाठ हाय. वीस वर्षांचा रस्ता हाय तो. दिसत न्हाई. शुक्रवारी डावीकडून घे म्हनलो, तिथं घट्ट मुरूम असायचा. वाहून गेला ते मला काय ठाऊक? आन मी गप ऱ्हाऊन सगळा दोष टायरवर जाऊ दिला. नव्या टायरला वरून तेलकट असतं, पयले दोन-तीनशे किलोमीटर डांबरावर साबण लावल्यागत घसरतो, तेबी मला ठाऊक हुतं. दुकानात एवढा हुशार झालो, की सांगायचंच राहिलं."

पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. स्टेलाला खूप बोलायचं होतं. तिने मागे वळून बघितलं. पूजा ओठ चावून रडत होती. तात्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"तात्या, ऐकलं ना तुमी सगळं," स्टेला म्हणाली. "उतरायचं असलं तर मी एसटीला हात करते. पन पुढची एसटी कवा येईल सांगता येत न्हाई."

तात्यांनी दोन-तीन श्वास घेतले.

"खुरांना नवे पत्रे मारलेला बैल," ते थांबत थांबत म्हणाले, "डांबरावर घसरतोच. कारखान्याच्या रस्त्याला लई बघितले. म्हनून कुनी बैल सोडून जात न्हाई. हळू हाकत्यात." मग त्यांनी पुढच्या बाकाकडे हात केला. "आन शांतवन, तू आता तोंड बंद ठिव. तिला तिच्या डोळ्यानं चालवू दे."

घाट उतरेपर्यंत काटा पंचवीसच्या वर गेला नाही. खाली पंक्चरच्या टपरीवर स्टेलाने हवा तपासली. धवलशेठच्या कामगाराने पंचेचाळीस पौंड ठासली होती. तिने पस्तीसवर आणायला लावली.

दवाखान्यात पोचायला पाऊण तास उशीर झाला. सिस्टरने घड्याळाकडे बोट केलं. "तुमची खाट दिली मी. इथं काय तुमच्या मर्जीने मशीन चालतं का?" स्टेला आणि पूजा हात जोडून उभ्या राहिल्या. सिस्टरने तात्यांचे पाय दाबून बघितले, बोटाचा खड्डा तसाच राहिला, आणि ती वहीत कुणाची खाट आधी रिकामी होते ते बघायला लागली. साडेबाराला एक खाट रिकामी झाली. मशीन सुरू झालं. पूजा शेजारी स्टुलावर बसली. आता चार तास होते.

स्टेला बाहेर आली. शांतवन जीपपाशी उभा होता, हात बोनेटवर ठेवून.

"बसा," ती म्हणाली.

"कुठं जायचं?"

"बसा तर खरं."

दवाखान्याच्या मागे नव्या प्लॉटचा रस्ता होता. गुळगुळीत डांबर, दोन्ही बाजूंना खुंट्या आणि गवत, एकही घर नाही. पाऊस थांबला होता, पण रस्ता ओला होता. स्टेलाने कडेची एक वीट आणून रस्त्याकाठी ठेवली.

"विटेपाशी आले की मी ब्रेक मारनार. गाडी थांबली की तुमी उतरायचं, गाडीला हात लावून मागं विटेपर्यंत पावलं मोजायची. मी विटेपाशी थांबून हाक देते, आवाजाच्या रोखानं या."

पहिल्यांदा तीसला. गाडी जराशी सरकून थांबली. शांतवन उतरला, जीपला हात लावून वळला आणि ओल्या डांबरावर पाय टाकत गेला.

"बारा," त्याने सांगितलं.

चाळीसला एकवीस झाली. पन्नासला मोजायला काही उरलं नाही, जीप गवतात गेली आणि एक खुंटी मोडली. बांधकामावरचे चार मजूर पत्र्याच्या शेडमधून बाहेर येऊन बघायला लागले. एकाने मोबाईल काढला. कोणीतरी म्हणालं, बाई लायसन काढायला आलीय वाटतं. स्टेलाने गाडी वळवली आणि पुन्हा विटेकडे निघाली.

तिने सोळा वेळा ब्रेक मारला. एकदम दाबून, सोडून दाबून, आधी गिअर कमी करून. शांतवन प्रत्येक वेळी उतरला. त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली, एकदा तो ठेचकाळून हातावर पडला. उठला आणि मोजणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शेवटी शेवटी त्याने गाडीत बसून, नुसत्या आवाजावरून सांगायला सुरुवात केली. "आता धरलं. आता सुटलं. आता परत धरलं." ते बरोबर असायचं. चाळीसची एकवीस पावलं अठरावर आली. त्याच्या खाली काही येईना.

"आजून थोडा घासला की येईल सोळावर," शांतवन म्हणाला.

"येईल तवा येईल. आज अठरा हाय."

तिने गाडी बंद केली. मग तिने विचारलं, "दिवाळीपासून का सांगितलं न्हाई?"

"मग मी गाडीत कशाला बसायचं?" तो म्हणाला.

त्याच्या तळहाताला खडी रुतून रक्त आलं होतं. तिने पदराच्या टोकाने एकेक खडा काढला. तो हात पुढे करून बसून राहिला.

साडेपाचला तात्या बाहेर आले. चेहरा ओढला होता, पण श्वास मोकळा झाला होता. डाव्या हाताला दंडापर्यंत पट्टी होती. जीपपाशी येऊन ते थांबले.

"थांबती का गं आता?"

"तिसाला थांबती तात्या," स्टेला म्हणाली. "चाळीसला अठरा पावलं पुढं जाती. ऊन पडून डांबर वाळलं की बरं व्हईल, पन आज एवढंच."

"घरी जायाला किती वाजत्याल?"

"सव्वासात, साडेसात."

"मग तिसानं चल," तात्या म्हणाले, आणि पूजाच्या खांद्यावर हात टाकून चढले.

नगर सोडल्यावर रहदारी लागली. उसाचे रिकामे ट्रॅक्टर, एसट्या, शिर्डीहून परतणाऱ्या गाड्या. स्टेलाने काटा तिसावर धरला होता. मागून हॉर्न सुरू झाले. एक, मग दोन, मग सगळे मिळून. शांतवन शेजारी सरळ बसला होता, तोंड बंद. घाटाच्या चढावर मागे दहा-बारा गाड्यांची रांग लागली. एक टेम्पोवाला अगदी चिकटून लाईट मारत होता. स्टेलाचा पाय ॲक्सिलरेटरवर जरासा दाबला गेला. काटा पस्तीसकडे सरकला.

"आवाज बदलला," शांतवन हळूच म्हणाला.

तिने पाय उचलला.

मागे खसफस झाली. पूजा म्हणाली, "मामा, बसा ना, पडाल." स्टेलाने आरशात बघितलं. तात्यांनी मागची ताडपत्री वर सारली होती. ते फळीला रेलून पाठीमागे तोंड करून बसले होते, आणि पट्टी नसलेला हात बाहेर काढून, पूर्वी कोयत्यांना हाकायचे तसे, मागच्या एकेका गाडीला पुढे जायची खूण करत होते.

"जा बाबा, जा," ते टेम्पोवाल्याला म्हणत होते. "तुला घाई हाय, जा. आमाला न्हाई."